ही ऊती कोणाची?

सकपाळ मॅडमच्या शेजारी बसून जेवायचं म्हणजे माझ्यासारख्या शाकाहारी माणसाची परीक्षाच होती. परळच्या आमच्या कॉलेजात मी मराठी शिकवायचो आणि त्या प्राणिशास्त्र. स्टाफरूममधल्या लांब टेबलाच्या एकाच टोकाला आमच्या खुर्च्या होत्या. कोणी नेमून दिल्या नव्हत्या, पण एकदा बसलो ते बसलोच. मी गिरगावातला नेने. माझ्या डब्यात भेंडी नाहीतर दुधी, आणि बायकोला कंटाळा आला असेल तर बटाटा. त्यांच्या डब्यात भायखळ्याच्या बाजारातलं मटण. आणि त्या नुसत्या जेवत नसत, जेवता जेवता शिकवत.

"हे बघा नेनेसर," एक पांढुरका तुकडा चमच्यावर उचलून त्या म्हणायच्या, "ही कूर्चा. दाताखाली कुरकुर वाजते ती. तुमच्या नाकाच्या शेंड्यात हीच आहे."

माझा हात नकळत नाकाकडे जायचा आणि घास तोंडातल्या तोंडात फिरायला लागायचा. वजडी असली की विचारूच नका. वजडी म्हणजे बकऱ्याच्या पोटाचं अस्तर, टर्किश टॉवेलसारखं दिसणारं, ही माहिती मला कोणी विचारली नव्हती. ती मला वरणभात खाताना मिळाली.

एकदा मी धीर करून म्हटलं, "मॅडम, हे झाकण ठेवून खाता नाही का येणार?"

त्या हसल्या. "नोकरीला लागले तेव्हा झाकण ठेवूनच खायचे. भिंतीकडे तोंड करून. घोडपदेवच्या चाळीत आमच्या आजीच्या हातची वजडी अख्खा मजला मागून न्यायचा, आणि इथे येऊन मी ती लपवायला शिकले. आता नाही झाकत. तुम्ही पाहिजे तर डोळे मिटा."

त्यानंतर मी कधी काही बोललो नाही. उलट सवयीने मलाही चारी ऊती पाठ झाल्या. त्यांची सांगण्याची पद्धतच तशी होती. पुस्तकात अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता अशी जड नावं आहेत. मॅडम म्हणायच्या, "झाकणारी, जोडणारी, हलणारी आणि कळणारी. कातडी झाकते, हाड जोडतं, स्नायू हलतो, मेंदूला कळतं. माणसात याच्यापलीकडे काही नाही. बकऱ्यातही नाही."

"आणि मन?" मी मराठीचा माणूस, मला विचारणं भागच होतं.

"चौथ्यात शोधा. नाही सापडलं तर ते तुमच्या खात्याचं काम."

बाई ठेंगण्या होत्या. जाड भिंगाचा चष्मा, साडीला जागोजागी पिना, आणि अंगाला कायम लवंगेच्या तेलाचा वास. ऊतीची पातळ चकती काचपट्टीवर बसवण्याआधी ती पारदर्शक करायला हे तेल वापरतात, हे मला पुढे कळलं. आधी मला वाटायचं बाईंचे दात दुखतात. मी एकदा सहानुभूतीने दंतवैद्याचा पत्ताही दिला होता. तो त्यांनी गंभीरपणे पर्समध्ये ठेवला आणि वर्षभर मला त्यावरून छळलं.

त्यांच्या प्रयोगशाळेत काचपट्ट्यांचं एक जुनं लाकडी कपाट होतं. पूर्वी बेडूक, उंदीर, ससे कापले जायचे तेव्हापासूनच्या पट्ट्या त्यात होत्या. प्रत्येकीवर ऊतीचं नाव होतंच, पण त्याखाली मॅडमच्या मुंगीएवढ्या अक्षरात आणखी एक ओळ असायची. "बेडूक. मादी. शीवच्या तळ्याकाठची. फार ओरडायची." "उंदीर. नर. शेपटीचं टोक तुटलेलं." मायक्रोस्कोपला डोळा लावण्याआधी मुलांनी ही ओळ मोठ्याने वाचायची असा त्यांचा नियम होता. एखादा तसाच वाकला की मागून आवाज यायचा, "ही ऊती कोणाची?"

एकदा विद्यापीठाची तपासणी समिती आली. समितीतले एक तज्ज्ञ गृहस्थ मायक्रोस्कोपवर वाकले आणि खूश होऊन म्हणाले, "वा, सुंदर. स्तंभाकार अभिस्तर."

"बरोबर," मॅडम म्हणाल्या. "पण कोणाची?"

"म्हणजे?"

"लेबल वाचा सर, मग बघा."

प्राचार्यांच्या कपाळावर घाम आला. तज्ज्ञांनी पट्टी काढून डोळ्यांजवळ धरली आणि वाचलं, "ससा. नर. पांढरा. गाजरापेक्षा पाव आवडायचा." ते मोठ्याने हसले. मग परत वाकून बघायला लागले तेव्हा जरा जास्त वेळ बघत राहिले. ते गेल्यावर प्राचार्य चिडून म्हणाले, "मॅडम, काचेच्या पट्टीवर चरित्र कशाला लिहायचं?" मॅडम म्हणाल्या, "जीव घेतलाय सर आपण त्याचा. एक ओळ तरी."

पुढे कॉलेजांतून प्राणी कापण्यावर बंदी आली. सगळ्यांना वाटलं सकपाळ मॅडम आनंदाने पेढे वाटतील. त्यांना बरं वाटलं हे खरं, पण मुलं आता ऊती नुसती संगणकाच्या पडद्यावर बघणार याचा त्यांना वैताग आला. मग त्या भायखळ्याहून खाटकाकडचं सामान प्रयोगशाळेत आणायला लागल्या. खुराजवळची शिरा, गुडघ्याची वाटी, नळी. नळीवर त्यांचा विशेष जीव. हाड म्हणजे मेलेला दगड नव्हे, हे त्या मुलांच्या गळी उतरवायच्याच. "हाड जिवंत आहे. रोज मोडतं आणि रोज बांधलं जातं. आणि आत जी मज्जा आहे ना, तिथे रक्त तयार होतं. तुम्ही चोखून खाता ते रक्ताचं माहेर आहे." कुणा पालकाने तक्रार केली, चौकशी झाली. मॅडमनी चौकशी अधिकाऱ्यालाही नळी दाखवली.

मग आमच्याकडे जैवतंत्रज्ञानाचा कोर्स सुरू झाला. काचेची नवी दालनं, गार हवा, फी भरपूर आणि मुलं हुशार. त्यात नीतीचा एक तास ठेवायचा होता आणि तो घ्यायला कोणी तयार नव्हतं, म्हणून तो मॅडमच्या गळ्यात पडला. मला त्यांनी पहिल्या तासाला मागच्या बाकावर बसवलं. "माणसांबद्दल माझं काही चुकलं तर सांगा," म्हणाल्या.

त्यांनी टेबलावर एक छोटी बाटली ठेवली. आत मधासारखा द्रव. "प्रयोगशाळेत पेशी वाढवायच्या तर त्यांना खायला लागतं," त्या म्हणाल्या. "हे त्यांचं खाणं. कुठून येतं?"

कंपनीतून, असं कोणीतरी म्हणालं.

"गाभण गाय कापली की तिच्या पोटातल्या वासराच्या रक्तातून. जन्माला न आलेल्या वासराच्या. तुमची लस, तुमची औषधं, कित्येकदा या बाटलीवर मोठी होतात. मी वापरू नका म्हणत नाही. मीसुद्धा वापरलंय. फक्त झाकण उघडताना हे वासराचं आहे एवढं म्हणा."

पुढच्या बाकावर ग्लेन डिमेलो नावाचा मुलगा होता. भायखळ्याच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतला, वडील छापखान्यात, मराठी आमच्या मुलांइतकंच पक्कं. तो म्हणाला, "मॅडम, नाव घेऊन होतं काय पण? वासरू तर गेलंच ना?"

"काही होत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण नाव न घेणं सोपं जातं. ते सोपं गेलं की पुढचं सगळंच सोपं जातं. मला तुम्हाला ते सोपं करून द्यायचं नाही."

ग्लेन त्यांचा लाडका झाला तो तेव्हापासून. पुढे त्याने परळमध्येच एका मोठ्या संशोधन संस्थेत काम धरलं. तिथे रुग्णांच्या शरीरातून काढलेल्या गाठींच्या पेशी बाटल्यांत वाढवतात आणि त्यांच्यावर औषधं तपासून बघतात.

मॅडमना एकुलता एक मुलगा, राहुल. राहुल शाळेत असतानाच नवरा गेला होता. राहुल लहानपणी दुपारची शाळा बुडवून स्टाफरूममध्ये येऊन बसायचा आणि आईचा डबा संपवून माझ्याकडे वळायचा. मला नेनेकाका म्हणायचा. नळी खाताना ती ताटलीवर ठकठक आपटायचा, आणि मज्जा निघाली नाही तर एक डोळा मिटून दुर्बिणीसारखी नळीतून माझ्याकडे बघायचा. मोठा झाल्यावर त्याने कॉमर्स घेतलं. "घरात एकाला तरी हिशेब यायला पाहिजे ना, काका," असं कारण सांगितलं.

त्याचा गुडघा दुखायला लागला तेव्हा तो शिवाजी पार्कवर क्रिकेट खेळायचा. मॅडम म्हणाल्या, चेंडू लागला असेल. बाम लावला, क्रेप बँडेज बांधलं. हाडातली गाठ सापडली तेव्हा ती फार पुढे गेली होती. "जन्मभर हाड शिकवलं मी," एवढं त्या एकदाच म्हणाल्या.

परळच्याच इस्पितळात त्याच्यावर उपचार झाले. ऑपरेशनच्या आधी एक तरुण डॉक्टर विचारायला आला, काढलेल्या गाठीचा उरलेला भाग संशोधनासाठी ठेवला तर चालेल का. मी तिथे होतो. राहुलने सही करता करता म्हटलं, "घ्या की. सकपाळ मॅडमचा मुलगा आहे मी. नाही म्हटलं तर आई वर्गात घेणार नाही." डॉक्टर हसला, मॅडमही हसल्या. त्यांना असं हसलेलं मी नंतर पाहिलं नाही.

राहुल गेला. घोडपदेवच्या घराखाली माणसं मावत नव्हती. बौद्धाचार्यांनी वंदना घेतली, आणि जे जे एकत्र येऊन घडलेलं आहे ते ते सुटं होणारच, सगळं अनित्य आहे, असं शांत आवाजात समजावून सांगितलं. मॅडम ताठ उभ्या राहून ऐकत होत्या. मी मनात म्हटलं, या बाई हे वर्गात शिकवत आल्या आहेत, यांना कशाला सांगायला हवं? पण पुढे त्यांनीच सांगितलं की त्या दिवशी त्यांना आधार झाला तो तेवढ्याच वाक्यांचा.

त्या कामावर परतल्या. शिकवणं तेच, नियम तेच. फक्त हाडाचा धडा त्यांनी एका नव्या सहकारी बाईंना देऊन टाकला. डब्यात नळी दिसेनाशी झाली. खिमा असायचा, आणि खिम्यावर त्या मला काही शिकवत नसत.

पाऊस संपत आला होता तेव्हाची गोष्ट. ग्लेन स्टाफरूममध्ये आला. हातात बेकरीचा खोका होता. तो त्याने टेबलावर ठेवला आणि उभाच राहिला. मी उठायला लागलो तर मॅडमनी मला हातानेच बसवलं.

"मॅडम, मी हे सांगायला नको," तो म्हणाला. "रूल आहे आमच्याकडे. बाटलीवर फक्त नंबर असतो, कोणाचं काय ते आम्हालाही कळू देत नाहीत. पण राहुलच्या ऑपरेशनच्या दिवशी गाठीची डबी घ्यायला मीच आलो होतो. मी त्याला ओळखतो ना मॅडम. मग मला माहीतच होतं."

मॅडमनी चष्मा काढला.

"बहुतेकांच्या पेशी मरतात. आठवड्याभरात संपतात. त्याच्या जगल्या. वाढताहेत अजून. थांबतच नाहीत. आमच्या सगळ्यांना केवढा आनंद झाला, कारण ह्या टाइपच्या पेशी फार कमी ठिकाणी आहेत. मी रोज त्यांना बघतो. तुम्हीच शिकवलंत, कोणाची ते म्हटल्याशिवाय डोळा लावायचा नाही. मी मनात रोज म्हणतो. पण तुम्हाला ठाऊक नाही आणि मी रोज त्याचं नाव घेतोय, हे मला जमेना."

मॅडमनी चष्मा पुसून परत घातला. मग मॅडमनी शिक्षिकेच्या आवाजात विचारलं, "काचेला धरून वाढतात का सुट्या तरंगतात?"

"धरून, मॅडम."

"खायला काय घालतोस?"

ग्लेनने मान खाली घातली. "तेच. वासराचं."

"चांगलं केलंस सांगितलंस ते," त्या म्हणाल्या. तो गेला. खोक्यात केक होता, तो आम्ही शिपायाला देऊन टाकला. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. समोर जुन्या गिरणीची चिमणी आणि तिच्या मागे तिला झाकून टाकणारे टॉवर. म्हणाल्या, "नेनेसर, आपण शिकवतो ते पोरं खरंच ऐकतात, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं."

त्यानंतरचे महिने वाईट गेले. कॉलेज सुटलं की कधी कधी त्या म्हणायच्या, चला पार्कावर. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आम्ही दोघं बसायचो. आतल्या नेटमध्ये मुलं बॅट घुमवत असायची. त्या मुलांकडे न बघता त्या बोलायच्या.

"सगळं जातं, हे मी लहानपणापासून ऐकतेय. राहुल गेला तेव्हा मला वाटलं, ठीक आहे, सगळेच जातात, माझं काही वेगळं नाही. त्याची राख इथे पार्काच्या मागेच समुद्रात सोडली मी. आणि आता हा पोरगा सांगतो, थांबतच नाहीत. मी हे कुठे ठेवू? आमच्याकडे याला विधी नाही, तुमच्याकडे नाही, ग्लेनच्या चर्चमध्येही नसणार."

मी चाचरत म्हटलं, "म्हणजे राहुलचं काहीतरी आहे, असं समजून..."

"राहुल नाहीये," त्या फटकन म्हणाल्या. "मी काय वेडी आहे? ज्यांनी त्याला खाल्लं त्या पेशी आहेत. त्याच्या हाडावर वाढल्या, आता वासराच्या रक्तावर वाढताहेत. मला त्यांचा राग यायला पाहिजे. येतो पण." मग थोड्या वेळाने, "पण त्याच्याच आहेत हो. दुसऱ्या कोणाच्या म्हणू?"

मी कोपऱ्यावरच्या गाडीवरून चणे आणले. त्यांनी पुडी हातात धरली आणि तशीच घरी नेली.

शेवटी त्या संस्थेच्या प्रमुख बाईंना भेटल्या. बरोबर मला नेलं. बाई भल्या होत्या. ग्लेनने नियम मोडल्याबद्दल त्याला बोलणी बसली होती, पण आमच्याशी त्या फार अदबीने वागल्या. मॅडमची मागणी एकच होती.

"बाटलीवर त्याचं नाव लिहा. बाकी माझं काही म्हणणं नाही."

"ते शक्य नाही हो, मॅडम," प्रमुख बाई म्हणाल्या. "नाव काढून टाकतो ते रुग्णाच्याच भल्यासाठी. घराण्यात काय आजार आहे हे जगाला कळू नये म्हणून. तुम्ही स्वतः हा विषय शिकवता."

"शिकवते," मॅडम म्हणाल्या. "बरोबर आहे तुमचं."

मला वाटलं त्या भांडतील. समितीच्या तज्ज्ञाला पट्टी वाचायला लावणाऱ्या बाई त्या. पण नियम बरोबर होता आणि ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं, त्यामुळे भांडायला जागाच नव्हती. प्रमुख बाईंनी सांगितलं, "तुमची इच्छा असेल तर आमच्याकडच्या पेशी आम्ही बंद करू. वाढत्या आणि गोठवलेल्या, सगळ्या. तुम्ही आई आहात, एवढा मान आम्ही ठेवू. पण काही बाहेर गेल्या आहेत. इतर प्रयोगशाळांत, परदेशात, एका औषध कंपनीकडे. त्या आता आमच्या हातात नाहीत. आणि मी खोटं बोलणार नाही, या पेशी बंद करायच्या म्हणजे आमचं नुकसान आहे. अशी मुलं अजून येतात आमच्याकडे."

परत येताना परळच्या पुलाखाली मॅडम थांबल्या. "चालू ठेव म्हणायला माझी जीभ वळत नाही. बंद कर म्हटलं तर राहुलची सही मी खोडल्यासारखी. आणि दुसऱ्या कोणाचा राहुल असेल तिथे, त्याचं काय? कुठल्या बाजूने विचार करू ते सांगा ना, सर." इतकी वर्षं शब्दांवर पोट भरलेला माणूस मी, पण एकही शब्द कामाला आला नाही.

पुढच्या गणपतीत त्यांनी ठरवलं. बंद करायचं. का, ते त्यांनी जेवताना, मान वर न करता सांगितलं. "मी आहे तोवर मी त्याचं नाव घेईन. ग्लेन आहे तोवर ग्लेन घेईल. आम्ही दोघं नसलो की तो कोणाचाच नाही. कोणी तरी अनोळखी रोज त्याला उघडणार, वापरणार आणि ओतून देणार. बाहेरचं माझ्या हातात नाही. इथलं तरी."

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी जायचं ठरलं. त्यांनी मलाही बोलावलं. "तुम्हाला यातलं काही कळत नाही, म्हणून तुम्ही चला. ज्यांना कळतं ते मला समजावत बसतील."

लालबागच्या रस्त्यावर सगळीकडे गुलाल पडला होता. झाडूवाले तो ढीग करून ओढत होते, मंडपाचे बांबू सुटत होते. आमच्या चपलांचे तळ गुलाबी झाले. संस्थेच्या दारात पायांवर निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवायला दिल्या. मला काचेबाहेरच्या बाकावर बसवलं आणि मॅडमना पांढरा कोट घालून आत नेलं. काच मोठी होती आणि दार अर्धवट लोटलेलं, त्यामुळे मला दिसतही होतं आणि ऐकूही येत होतं.

ग्लेनने उबदार कपाटातून चपट्या बाटल्या काढून टेबलावर आडव्या ठेवल्या. शेजारी जंतुनाशकाचा कॅन होता. ते आत ओतलं की काम संपतं, एवढं त्याने मला दारातच सांगितलं होतं. मॅडम टेबलाजवळ गेल्या, पण मायक्रोस्कोपकडे वळल्या नाहीत. त्या बाटल्यांकडे नुसत्याच बघत उभ्या राहिल्या.

"पिवळं झालंय," त्या म्हणाल्या.

मलाही ते ऐकून माहीत होतं. वासराचं ते मधासारखं द्रव एका गुलाबी पाण्यात मिसळून पेशींना घालतात, म्हणून खाणं ताजं असतं तेव्हा गुलाबी असतं. त्यातलं सत्त्व संपलं, घाण साचली, की ते पिवळं पडतं. आईला लांबूनही कळावं इतकं ते पिवळं होतं.

"कधी बदललंस?"

"आज काढूनच टाकायच्या होत्या मॅडम," ग्लेन म्हणाला. "म्हणून परवा नाही घातलं. फुकट कशाला, असं..."

"म्हणून उपाशी ठेवलंस?"

मॅडम मायक्रोस्कोपवर वाकल्या. वाकण्याआधी त्यांचे ओठ हलले. मला ऐकू आलं नाही, पण काय म्हणाल्या असतील ते मला ठाऊक आहे. बराच वेळ त्या डोळा लावून राहिल्या. जंतुनाशकाच्या कॅनवर ग्लेनचा हात तसाच होता. मला वाटलं आता त्या मान डोलावतील. बाकावरून मी उठून उभा राहिलो होतो, उठून काय करणार होतो कोण जाणे.

"काही सुटताहेत," त्या वाकलेल्याच म्हणाल्या. "मरताना अशाच गोल होऊन काच सोडतात. ग्लेन, आधी खायला घाल त्यांना."

"मॅडम, पण आपण..."

"ते बघू नंतर. असं उपाशी नाही रे काढत कोणाला. घाल आधी."

त्याने कॅन खाली ठेवला. फ्रीजमधून ती मधासारख्या द्रवाची बाटली काढली, हात धुतले, झाकण उघडलं. आणि झाकण उघडताना काहीतरी पुटपुटला. मॅडमनी मान हलवली. पिवळं ओतून दिलं, ते मिसळून ताजं गुलाबी घातलं. बाटल्या परत उबेत गेल्या. कपाटाचं दार लागलं तेव्हा मॅडम दारावर तळहात ठेवून उभ्या होत्या, ताप बघावा तशा.

"आता परत कधी?"

"परवा, मॅडम."

"परवा रविवार आहे. रविवारी येतं का कोणी?"

"मी येतो," ग्लेन म्हणाला.

त्या बाहेर आल्या. पायांतल्या निळ्या पिशव्या काढायला वाकल्या आणि तशाच बाकावर बसल्या. मग त्या रडल्या. राहुलच्या दहनाच्या दिवशी न रडलेल्या बाई इस्पितळातल्यासारख्या त्या पांढऱ्या बोळात आवाज करून रडल्या, आणि मी शेजारी निळ्या पिशव्या हातात धरून बसून राहिलो. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "मी काय केलं हो हे?"

बंद करण्याचा विषय त्यांनी परत काढला नाही. यंदा त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभात बोलायला उठल्या आणि बोलण्यासारखं काही नाही म्हणून बसल्या. काचपट्ट्यांच्या कपाटाची किल्ली नव्या बाईंना दिली. खाली उतरताना जिन्यात त्यांनी मला थांबवलं.

"तुम्ही लिहिता ना अधूनमधून? एक काम करा. बाटलीवर लिहू देत नाहीत. तुम्ही कुठेतरी लिहून ठेवा. नंबर नको, संस्था नको. फक्त लेबल."

फाटकातून त्या बाहेर पडल्या तेव्हा फोन कानाला होता. रविवार होता. समारंभाला हॉल दुसऱ्या कुठल्याच दिवशी मिळत नव्हता म्हणून तो रविवारी ठेवला होता. फुलांचा गुच्छ काखेत धरून त्या भायखळ्याच्या बसच्या रांगेत उभ्या राहिल्या. "घातलंस?" एवढंच मला ऐकू आलं. पलीकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही, पण त्यांची मान हलली आणि मग बस आली.

माणूस. मुलगा. घोडपदेवचा. नळीतून एक डोळा मिटून बघायचा. नाव राहुल.